एकशे अठ्ठाविसावं टोकन

रोज दुपारी बाराच्या मागेपुढे वजनकाट्यावरचा संगणक हट्टाला पेटायचा. सकाळपासून सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं असायचं. उसानं भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की भरलेलं वजन घ्यायचं, ड्रायव्हरच्या हातात टोकन द्यायचं. गाडी गव्हाणीकडे जाऊन रिकामी होऊन आली की तेच टोकन टाकून रिकामं वजन घ्यायचं, एकातून दुसरं वजा, पावती हातात. आणि मग अचानक पडद्यावर लाल अक्षरं: टोकन सापडले नाही. टोकन तर समोर, ड्रायव्हरच्या चिमटीत. डेटाबेस उघडून पाहावं तर तिथंही नोंद ठणठणीत.

साल २००७, गाळप हंगाम नुकता सुरू झालेला. पुण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मला दीड वर्ष झालं होतं आणि काट्याचं हे मॉड्यूल माझ्या एकटीच्या हातचं होतं. जावात लिहिलेलं. चाचणीच्या वेळी आम्ही चाळीस-पन्नास गाड्यांची टोकनं टाकून पाहिली होती. एकही चुकलं नव्हतं. आता रोज दुपारी ट्रॅक्टरांची रांग काट्यापासून फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जायची आणि काट्यावरचे क्लार्क मुकाट्यानं खणातलं जुनं पावतीपुस्तक काढून हातानं लिहायला लागायचे. त्यांना मी काका म्हणत असे. ते मला ताई म्हणत, वयानं माझ्या वडिलांएवढे असूनही. रांगेतला एक ट्रॅक्टरवाला तिसऱ्या दिवशी खिडकीतून डोकं आत घालून म्हणाला, "ओ ताई, तुमचं मशिन दुपारचं जेवाय जातंय काय?"

मी काय काय संशय घेतले ते आता सांगायलाही लाज वाटते. दुपारी विजेचा दाब कमी होत असेल. शेती विभाग आणि हिशेब विभाग दोघांचं काम एकदम वाढत असेल. संगणक तापत असेल, म्हणून एक दिवस त्याच्याकडे तोंड करून टेबलफॅनसुद्धा लावला. चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस आला, फडात गाड्या रुतल्या, तोड थांबली. दिवसभरात नव्वदएक गाड्या आल्या आणि संगणक रात्रीपर्यंत एकदाही रुसला नाही. मी म्हटलं, बघा, हवा गार होती.

काका काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी आपली वही माझ्यापुढे सरकवली. मशिन ज्या टोकनाला पहिल्यांदा अडलं ते टोकन त्यांनी रोज लिहून ठेवलं होतं. चार ओळी, चारही ठिकाणी १२८. "बाराचा काय संबंध न्हाई ताई," ते म्हणाले. "एकशे सत्तावीसपर्यंत जातंय. दिवस बदलला, टोकन एकपासनं सुरू झालं, की परत जातंय."

ते कोडं सोडवायला मला एक रात्र लागली. ते दुसऱ्याला समजावून सांगता येण्यासाठी मात्र पुढची दहा वर्षं.

२०१६ मध्ये घरच्या कारणानं पुणं सोडलं आणि तालुक्याच्या गावी शिकवायला लागले. एका दुकानावरच्या दोन खोल्या, सोळा संगणक, संध्याकाळच्या दोन तुकड्या. मुलं डिप्लोमाची, बीसीएची, बीएस्सीची. बहुतेकांचं दहावीपर्यंत मराठी माध्यम किंवा सेमी. आमच्याकडे क्लास म्हणजे शिकवणी, त्यामुळे पहिल्या दिवशी 'आज आपण क्लास शिकणार' म्हटल्यावर मुलं गोंधळून एकमेकांकडे बघतात. मग मी फळ्यावर तो मंत्र लिहिते: पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन, पुढे कंसात स्ट्रिंग आर्ग्ज. मुलं वहीत उतरवून घेतात. पडद्यावर 'नमस्कार' एवढंच उमटवायचं असतं, आणि त्यासाठी ज्यांचा अर्थ कळायला दोन महिने लागतील असे सहा शब्द आधी म्हणायचे. मुंजीतल्या बटूसारखं, आधी पाठ, अर्थ पुढे कधीतरी. व्हॉइड तेवढा मी त्यातल्या त्यात सांगून टाकते: काम करणार, पण परत काही देणार नाही. बाकीचं राहू द्या म्हणते. जावा करणाऱ्यांनाही हे उशिरा का होईना उमगलं असावं. २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या जावा २५ पासून सुरुवातीचा प्रोग्रॅम नुसत्या व्हॉइड मेननं चालतो, क्लाससुद्धा लिहावा लागत नाही. पण अभ्यासक्रम आणि तोंडी परीक्षा इतक्या लवकर बदलत नसतात, तेव्हा मंत्र अजून चालू आहे.

सगळ्या पुस्तकांत असतं तसं मीही आधी साच्याचं उदाहरण द्यायची. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून काढलेली मूर्ती. साचा एक, मूर्ती हव्या तेवढ्या. एका वर्षी कुंभार गल्लीतला एक मुलगा होता. त्यानं हात वर केला. "मॅडम, साच्यातनं काढलेला गणपती तसाच कुणी नेत नाही. सोंड जोडायची असते, घासायचा असतो, रंग द्यायचा असतो. डोळे तर सगळ्यात शेवटी आखतात. प्रत्येकाचे निराळे." मी त्याला म्हटलं, उद्या मी जे शिकवणार होते ते तू आज शिकवलंस. कन्स्ट्रक्टर म्हणजे हेच: वस्तू जन्माला येते त्या क्षणी तिला तिचं स्वतःचं जे द्यायचं ते देणारं काम. न्यू म्हटलं की माती साच्यात पडते, कन्स्ट्रक्टर डोळे आखतो, मगच मूर्ती तुमच्या हाती येते. हे उदाहरण मी तेव्हापासून त्याच्या पद्धतीनं देते.

पण साच्यानं खरा घोटाळा मिटत नव्हता. मुलं क्लास लिहायची, न्यू म्हणून ऑब्जेक्ट करायची, सगळं बरोबर. मग कुणीतरी लिहायचं की दुसरी वस्तू बरोबर पहिली वस्तू, दुसरीत बदल करायचं, आणि पहिलीही बदललेली बघून माझ्याकडे यायचं. "मॅडम, मी हिला हातच लावला नाही." त्यांच्या डोक्यात 'दुसरी बरोबर पहिली' म्हणजे पहिलीसारखी आणखी एक मूर्ती तयार झाली. वाक्य तसंच दिसतं, यात त्यांचा दोष नाही. पुस्तकं इथं 'रेफरन्स' हा शब्द ठेवतात आणि पुढे निघून जातात. मी रेफरन्सचं मराठी करून पाहिलं: संदर्भ, निर्देश. मुलांनी तेही वहीत उतरवून घेतलं.

ज्या दिवशी मार्ग सापडला त्या दिवशी वर्गात एक मुलगी उशिरा आली होती. का, तर तलाठ्याकडून सातबारा आणायचा होता, पीककर्जासाठी. दोन प्रती. तिनं त्या पिशवीतून काढून बाकावर ठेवल्या आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

मी तिला विचारलं, "ही तुझी जमीन?"

"हो. म्हणजे उतारा आहे."

"जमीन कुठं आहे?"

"ओढ्यापलीकडं."

"आणि उतारे दोन आहेत, तर जमिनी दोन झाल्या का?"

सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, हसू नका, गेला महिनाभर तुम्ही सगळे जमिनी दोन झाल्या असंच धरून चालला आहात. जावात 'जमीन अ' असं लिहिलं की अ म्हणजे जमीन नव्हे, अ हा कागद आहे. न्यू म्हटल्यावर जमीन तयार होते, ती दूर कुठंतरी, संगणकाच्या स्मृतीत, ओढ्यापलीकडं. तिचा गट नंबर तेवढा अ या कागदावर येतो. ब बरोबर अ लिहिलं की अ या कागदाची झेरॉक्स निघते, जमिनीची नाही. आता ब चा कागद घेऊन कुणी शेतात गेला आणि विहीर खोदली, तर अ चा कागद घेऊन जाणाऱ्याला विहीर दिसेल की नाही?

"दिसणारच."

आणि ब वरचा गट नंबर खोडून दुसरा लिहिला तर? अ च्या कागदाला काही झालं का? अ च्या शेताला?

"काहीच नाही."

एवढं झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलानं जो प्रश्न विचारला तो मला कुठल्याही पुस्तकात इतका नेमका मांडलेला आढळलेला नाही. त्यांच्या घरी जमिनीचा दावा चालू होता. तो म्हणाला, "मॅडम, समजा वडिलांनी वकिलाला उताऱ्याची झेरॉक्स दिली. वकिलानं ती फाडली तर?"

"तर?"

"तर काही होत नाही. वडिलांचा कागद घरात आहे." मग थोडं थांबून, "पण वकील तो कागद घेऊन शेतात गेला आणि त्यानं बांधावरचा आंबा तोडला, तर आंबा गेला. वडिलांचाही गेला."

मी खडू ठेवून दिला. मेथडला ऑब्जेक्ट पाठवला तर काय पाठवलं जातं यावर पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर दोन इंजिनियर भांडले होते, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. एक म्हणे वस्तूच जाते, दुसरा म्हणे किंमत जाते. या मुलाचं उत्तर दोघांपेक्षा सरस होतं. जाते ती झेरॉक्स. मेथडनं तिच्यावर दुसरा गट नंबर लिहिला, ती कोरी केली, फाडली, तरी पाठवणाऱ्याचं काही बिघडत नाही. मेथड त्या पत्त्यावर जाऊन काही करून आली, तर ते सगळ्यांना भोगावं लागतं.

त्या दिवसापासून आमच्या दोन खोल्यांत जावा महसूल खात्याच्या भाषेत चालतं. गट नंबरची जागा कोरी असलेला उतारा म्हणजे नल. असा कागद घेऊन 'या जमिनीत नांगर घाल' म्हटलं की नांगरवाला उभाच राहतो. त्याचं नाव नलपॉइंटरएक्सेप्शन. आधी हा संदेश नुसताच ओरडायचा, कुठला कागद कोरा ते सांगायचा नाही. २०२० पासूनच्या जावात तो कागदाचं नावही सांगतो, तेव्हा मुलांना दटावून सांगते की लाल अक्षरं बघून खिडकी बंद करू नका, वाचा. या कोऱ्या कागदाची सोय टोनी होअर यांनी १९६५ मध्ये आल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी केली, करायला सोपी म्हणून. पुढे २००९ मध्ये त्यांनीच जाहीर व्याख्यानात तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मुलांना हे आवडतं. मोठ्या माणसानं चूक कबूल केल्याचं ऐकायला त्यांना फारसं मिळत नाही.

स्टॅटिकही तिथंच सुटला. पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाला भेटणारी एक चूक असते: स्टॅटिक मेनमधून वस्तूचा गुण विचारायचा आणि कंपायलरनं 'नॉन-स्टॅटिक' म्हणून अडवायचं. मुलं उपाय म्हणून दिसेल त्यापुढे स्टॅटिक लिहीत सुटतात आणि चूक जाते, प्रोग्रॅमही जातो. स्टॅटिक म्हणजे चावडी. गावाला एक, कुठल्याच शेताची नव्हे. चावडीवर उभं राहून 'विहिरीला पाणी किती?' असं विचारलं तर तलाठी विचारणारच, कुणाच्या विहिरीला? कंपायलर एवढंच विचारत असतो. आधी एखादा उतारा हातात घ्या, मग विहिरीचं विचारा. उलट 'गावात खातेदार किती' हे चावडीवरच लिहिलेलं पाहिजे. ते प्रत्येक शेतात वेगळं लिहून ठेवलं तर प्रत्येक शेत म्हणेल, एक.

आणि जावात म्युटेबल, इम्म्युटेबल असे शब्द येतात, तिथं तर मला आयतंच मिळालं. सातबारावरच्या बदलाला आपण फेरफार म्हणतो, आणि महसुलाच्या इंग्रजीत त्याला म्युटेशनच म्हणतात. स्ट्रिंग ही वस्तू अशी, की तिच्यात फेरफार होत नाही. एका मुलानं गावाच्या नावात 'कऱ्हाड' काढून 'कराड' घाल असं रिप्लेसला सांगितलं, छापून पाहिलं, कऱ्हाड तसंच. तीन वेळा चालवलं. रिप्लेसनं नवी स्ट्रिंग करून दिली होती आणि यानं ती कुठल्याच नावात धरून ठेवली नव्हती. रजिस्ट्री झाली आणि कागद कचेरीतच विसरून आला.

दर वेळी उदाहरण असं सरळ जातंच असं नाही. इनहेरिटन्स शिकवताना मी भाबडेपणानं 'वारसा' म्हणाले. सातबाराच्या तालमीत तयार झालेल्या वर्गानं त्याचा अर्थ वारस नोंद असाच घेतला. एका मुलीनं शांतपणे विचारलं, "म्हणजे चाइल्ड क्लास केल्यावर पॅरेंट क्लास डिलीट करायचा ना?" बरोबरच होतं तिचं, आमच्याकडे मुलाचं नाव लागतं ते बाप गेल्यावर. तेव्हापासून तो शब्द मी वापरत नाही. ट्रॅक्टर हे एक वाहन आहे, बैलगाडी हेही एक वाहन आहे, एवढंच सांगते. वाहनाला वजन असतं, टोकन असतं. ट्रॅक्टरला त्याशिवाय ट्रॉलीही असते. पुस्तकांतली कुत्रा-मांजर-प्राणी ही उदाहरणं मला कधीच पटली नाहीत. कुत्र्याला भुंकायला सांगणारा प्रोग्रॅम कुणी कुणासाठी लिहितं?

वाहनांचं उदाहरण मी काट्यावरून उचललं, पण ते ऐतिहासिकदृष्ट्याही जागेवर आहे. क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना ज्या भाषेत पहिल्यांदा नीट रुजली ती सिम्युला ६७. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी केलेली. त्यांना खऱ्या जगातल्या व्यवस्था संगणकावर उभ्या करून पाहायच्या होत्या: ग्राहक येतात, रांगेत थांबतात, काम झालं की पुढच्या ठिकाणी जातात. म्हणजे आमचा काटाच. जावा त्याच्या पुष्कळ नंतरचं. सन मायक्रोसिस्टम्समध्ये जेम्स गॉसलिंग यांच्या गटानं १९९१ मध्ये घरगुती उपकरणांसाठी काम सुरू केलं, भाषेला आधी ओक नाव होतं, १९९५ मध्ये ती जावा म्हणून बाहेर आली. वर्गात हे दोन मिनिटांत उरकते.

कुणी मराठीत प्रोग्रॅम लिहिता येईल का असं विचारलं तर मात्र मी वेळ काढते. जावात नावं देवनागरीत ठेवता येतात: क्लासचं नाव जमीन, गुणाचं नाव क्षेत्र, मेथडचं नाव नांगर. क्लास, न्यू वगैरे शब्द तेवढे इंग्रजीतच लागतात. पहिल्यांदा आम्ही हा प्रयोग केला तेव्हा जुन्या नोटपॅडनं फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करताना सुरुवातीला एक न दिसणारी खूण टाकली आणि कंपायलर पहिल्याच ओळीवर 'इल्लिगल कॅरॅक्टर' म्हणून अडला. कोरी जागा बेकायदेशीर कशी, म्हणून वर्ग पंधरा मिनिटं त्या कोऱ्या जागेकडे बघत होता. ती खूण काढली तर कंपायलर विंडोजच्या जुन्या लिपीसंकेतात फाइल वाचायला लागला आणि 'जमीन'ची बाराखडी विस्कटली. एन्कोडिंग यूटीएफ-८ असं कंपायलरला वेगळं सांगावं लागलं. २०२२ च्या जावा १८ पासून ती कटकट गेली.

मग शब्द उलटा करायचा नेहमीचा सराव आला. उलट-सुलट सारखाच शब्द ओळखणारा प्रोग्रॅम. 'कनक' चाललं, 'सरस' चाललं. एका मुलीनं 'नवजीवन' टाकलं आणि उत्तर आलं: नाही. ती वहीत बोट ठेवून वाचून दाखवायला लागली, न, व, जी, व, न. उलटं वाचलं तरी तेच. तिला म्हटलं, उलटा केलेला शब्द छापून बघ. पडद्यावर आलं 'नवीजवन'. जावा ज्याला कॅरॅक्टर म्हणतं ते आपलं अक्षर नव्हे. ज वेगळा मोजला जातो, त्याची दीर्घ वेलांटी वेगळी. नवजीवनची लांबी आपल्या लेखी पाच, जावाच्या लेखी सहा. उलटताना वेलांटी ज च्या आधी आली आणि व च्या गळ्यात पडली. त्या मुलीनं पुढच्या दोन दिवसांत काना-मात्रा मागच्या व्यंजनाला बांधून ठेवणारा स्वतःचा क्लास लिहून आणला. नाव ठेवलं होतं अक्षर. जोडाक्षरांना तो अजून चुकत होता, पण आत काय आहे ते बाहेरच्याला कळू न देता काम करणारा तो तिचा पहिला क्लास होता. नाहीतर एन्कॅप्सुलेशनच्या नावाखाली मुलं सगळे गुण प्रायव्हेट करतात आणि लगेच प्रत्येकाला गेट आणि सेट जोडतात. दाराला कुलूप, किल्ली त्याच दाराला लटकवलेली. आणि हे नोकरीतले लोकही करतात, मी स्वतः वर्षानुवर्षं केलंय.

काट्याची गोष्ट मी साधारण दुसऱ्या महिन्यात सांगते, सातबारा अंगवळणी पडल्यावर. दोन बरोबरच्या खुणा, ==, आणि इक्वल्स यांतला फरक त्या दिवशीचा विषय असतो. जावात आकडा ठेवायच्या दोन तऱ्हा. इंट म्हणजे नुसता आकडा, खिशातल्या सुट्ट्या पैशासारखा. इंटिजर म्हणजे तोच आकडा, पण वस्तू होऊन बसलेला. त्याचा उतारा निघतो. यादीत ठेवायचा तर वस्तूच लागते. २००४ मध्ये आलेल्या जावा ५ पासून सुट्ट्या आकड्याची वस्तू करण्याचं काम भाषा गुपचूप स्वतःच करते. गव्हाणीकडे गेलेल्या गाड्यांची टोकनं माझ्या यादीत होती, म्हणजे वस्तू होऊन. ड्रायव्हरनं आणलेलं टोकन काका टाइप करायचे, तेही वस्तू होऊन यायचं. आणि मी दोन्ही == लावून ताडून पाहत होते.

== दोन कागद बघतं. दोघांवर एकच गट नंबर आहे का, एवढंच. शेतात उतरून तिथं काय पिकतंय ते बघणं हे इक्वल्सचं काम.

"मग १२७ पर्यंत तरी कसं चाललं?" हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि विचारला नाही तर मी थांबून राहते. उणे १२८ पासून १२७ पर्यंतचे, एका बाइटमध्ये मावणारे आकडे सारखे लागतात, म्हणून जावा ते आधीच एकेकदा करून ठेवतं. कुणीही ७५ ची वस्तू मागा, त्या एकाच ७५ चा उतारा मिळतो. यादीतला कागद आणि काकांचा कागद एकाच गटाचे, == खूश. १२८ मागितला की जावा प्रत्येक वेळी नवी जमीन पाडतं. यादीतला १२८ एका गटात, काकांचा १२८ दुसऱ्या. आत पीक तेच, पण कागद जुळत नाहीत. माझं चूक असलेलं काम रोज सकाळी एकशे सत्तावीस वेळा बरोबर ठरत होतं. पावसाच्या दिवशी तर दिवसभर.

दुरुस्ती एका ओळीची. == काढलं, इक्वल्स लिहिलं. सहाव्या दिवशी दुपारी काका पावतीपुस्तक खणातून काढून टेबलावर घेऊनच बसले होते. एकशे अठ्ठाविसावी गाडी आली, टोकन टाकलं, रिकामं वजन आलं, पावती निघाली. काकांनी ती उजेडात धरून वाचली. वहीत त्या दिवसाच्या पुढे एक आडवी रेघ मारली. पावतीपुस्तक मात्र त्यांनी हंगाम संपेपर्यंत टेबलावरून हलवलं नाही.

गेल्या जुलैतल्या तुकडीला ही गोष्ट सांगून झाली तेव्हा वेळ संपत आली होती, बाहेर पाऊस होता, कुणाला उठायची घाई नव्हती. वकिलाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलासारखाच एक मुलगा प्रत्येक तुकडीत असतो. यानं विचारलं, "मॅडम, हे १२८ चे एवढे गट पडत गेले. काम झाल्यावर त्यांचे कागद कुणाकडंच राहिले नसतील. मग त्या जमिनीचं काय?"

"जिचा एकही उतारा कुणाकडं उरला नाही ती सरकारजमा. गार्बेज कलेक्टर फिरत असतो, तो गोळा करतो."

"कधी?"

"त्याच्या सवडीनं."

"आपण सांगायचं नाही का, घेऊन जा म्हणून?"

"सांगता येतं. सिस्टिम डॉट जीसी लिहायचं. पण तो नुसता अर्ज. अर्ज दिला म्हणून काम होईलच असं नाही, आणि कधी होईल तेही सांगता येत नाही."

हे वर्गाला लगेच पटलं, समजावून सांगावं लागलं नाही. दाराजवळ छत्री उघडत असलेला एकजण थांबला आणि म्हणाला, "निदान पोच तरी देतात का?"

"नाही," मी म्हटलं. "व्हॉइड."